उजेड, आलोक आणि प्रज्ञा : प्रकाशवाचक शब्दांचा मागोवा

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री उभे राहिले की उत्तरेला चाकणच्या कारखान्यांवरचे आकाश तांबूस दिसते आणि दक्षिणेला भोसरी-पिंपरीच्या दिव्यांची रांग क्षितिजापर्यंत जाते. या पट्ट्यात पूर्ण काळोख असा कधी होत नाही. तिसरी पाळी सुटेपर्यंत दिवे जळतच असतात. मराठवाड्यातून, विदर्भातून नव्याने आलेली मुले पहिल्या आठवड्यात हे आकाश पाहून हमखास विचारतात, "सर, इथे रात्र कधी होते?"

या स्मरणिकेसाठी काय लिहावे याचा विचार करीत असताना आम्हांला अशाच एका रात्रीवर लिहिलेला निबंध आठवला. इयत्ता सहावीतील एका विद्यार्थिनीने 'माझी आई' या विषयावर लिहिले होते. आईची दुसरी पाळी सुटली की कंपनीची बस वस्तीच्या कोपऱ्यावर वळते, तिचा उजेड क्षणभर खोलीच्या भिंतीवरून सरकतो आणि त्यावरून आई आल्याचे कळते, असे तिने लिहिले होते. पुढे पावसाळ्यातील एका रात्रीचे वर्णन होते. त्यात 'इज' चमकली होती आणि आजीने 'दिवा' लावला होता. आमच्याच एका तासाला ती वही तपासली गेली. 'उजेड' खोडून 'प्रकाश' केले, 'दिवा' खोडून 'दीप' केले आणि 'इज' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली. भाषा सुधारावी हाच हेतू होता. परंतु त्या मुलीचा पुढचा निबंध आला तेव्हा त्यात सूर्याचे सोनेरी किरण होते, मंद सुगंधित वारा होता, आणि आई मात्र कोठेच नव्हती.

आपण नक्की काय खोडले, हे आम्हांला पुढे पालीच्या वर्गाची तयारी करताना उमगले. ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

एका वस्तूला इतके शब्द कशासाठी?

प्रकाश ही एकच गोष्ट असताना भाषेला त्यासाठी एका शब्दावर का भागत नाही? या प्रश्नाचे एक गमतीदार उत्तर दूरच्या देशात सापडते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी आपल्या कथांतील 'एल्फ' नावाच्या काल्पनिक लोकांसाठी स्वतः भाषा रचल्या. कल्पनेतील भाषा म्हटल्यावर प्रकाशाला एक शब्द पुरला असता. पण टॉल्किन यांना तो पुरला नाही. 'चमकणे' या अर्थाचा एक मूळ धातू घेऊन त्यांनी एका भाषेत 'काला' आणि तिच्या भगिनी भाषेत 'कालाद' असे प्रकाशाचे शब्द बनविले. चंद्राच्या किंवा रुपेरी उजेडासाठी मात्र त्यांनी निराळा धातू योजला आणि त्यातून चंद्राचे नाव घडविले. खऱ्या भाषांमध्ये शब्दांची जशी घराणी असतात, तशी त्यांनी कल्पनेतही उभी केली. कारण ते जाणत होते की माणूस जेथे राहतो तेथे तो उजेडाकडे नुसता पाहत नाही. तो कोठून येतो, कसा पडतो, किती टिकतो आणि आपल्याला त्याचा काय उपयोग, हे सारे तो शब्दांत साठवून ठेवतो.

आपल्या मराठीने हे काम कोणा एका पंडिताच्या साहाय्यावाचून केले आहे. कौलांच्या फटीतून जमिनीवर पडतो तो कवडसा, दाराच्या चिरेतून आत येते ती तिरीप. दूरची चांदणी लुकलुकते, तेल संपत आलेला दिवा मिणमिणतो, घासलेले तांब्याचे भांडे लखलखते, लग्नघर झगमगते. पहाटेच्या आधी झुंजुमुंजू होते, मग फटफटते, मग उजाडते. सकाळचे ऊन कोवळे असते आणि दुपारचे रणरणते. यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मिणमिणत्या सूर्याची किंवा रणरणत्या चांदण्याची कल्पना करून पाहावी, म्हणजे हा भेद पटतो.

पालीतील पाच नावे आणि चार उजेड

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात 'आभावग्ग' नावाचा एक वर्ग आहे. त्याच्या आरंभी पाच लहान सुत्ते लागोपाठ येतात. पाचही सुत्तांचा आशय एकच, फक्त प्रकाशाचा शब्द प्रत्येक वेळी बदलतो : आभा, पभा, आलोक, ओभास, पज्जोत. प्रत्येक ठिकाणी तथागत चार प्रकारचा प्रकाश सांगतात. चंद्राचा, सूर्याचा, अग्नीचा आणि प्रज्ञेचा. आणि प्रत्येक ठिकाणी या चारांत प्रज्ञेचा प्रकाश श्रेष्ठ ठरतो.

वरवर पाहता ही पुनरुक्ती वाटेल. परंतु या पाच शब्दांची मुळे पाहिली की त्यांतील एक शब्द वेगळा उठून दिसतो. आभा आणि पभा या दोहोंच्या मुळाशी 'भा' म्हणजे प्रकाशणे हा धातू आहे. ओभासाच्या मुळाशी 'भास्', तोही चमकणे याच अर्थाचा. पज्जोताच्या मुळाशी 'द्युत्', त्याचाही अर्थ झळकणे. आलोक मात्र 'लोक्' म्हणजे पाहणे या धातूपासून आला आहे. अवलोकन, विलोकणे हे आपले शब्द त्याच घराण्यातले. चार शब्द प्रकाश कसा चमकतो ते सांगतात आणि पाचवा शब्द, आलोक, त्या प्रकाशात काय घडते ते सांगतो. ज्याच्या योगाने दिसते तो आलोक.

सारनाथ येथील पहिल्या धम्मप्रवचनात तथागतांनी आपल्या बोधीचे वर्णन केले, तेव्हा चक्षू, ज्ञान, प्रज्ञा आणि विद्या या शब्दांच्या ओळीत शेवटी आलोक हा शब्द आला, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तेथे झगमगाट अभिप्रेत नाही. दिसू लागणे अभिप्रेत आहे.

आता आपला 'उजेड' शब्द घ्यावा. एखादे गणित सुटले की मुले म्हणतात, "आत्ता डोक्यात उजेड पडला." एखाद्याने काम बिघडवले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "मोठा उजेड पाडलास!" उजेड या शब्दाला मराठीने समज आणि कर्तृत्व दोन्ही जोडली आहेत. भावार्थाने आलोकाच्या सर्वांत जवळ जाणारा आपला घरगुती शब्द उजेड हाच आहे, आणि तोच आम्ही वहीत खोडला होता.

दिव्याची वंशावळ

जी गोष्ट उजेडाची, तीच दिव्याची. संस्कृत दीप पालीत दीपच राहिला, प्राकृतात त्याचा दीव झाला आणि मराठीत दिवा झाला. विद्युत् या शब्दाचे पालीत विज्जु झाले आणि मराठीत वीज. उष्ण या शब्दाचे उण्ह झाले, त्याचे आपले ऊन. अग्नीचा अग्गि आणि त्याची आग. चंद्राचा चन्द आणि त्याचा चांद. पालीतील निब्बान या शब्दामागील क्रियापद दिवा शांत होण्यासाठीही वापरले जाते. त्याच घराण्यातले मराठी क्रियापद 'निवणे' आपण दुधासाठी आणि चहासाठी रोज वापरतो.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीची थेट पूर्वज महाराष्ट्री प्राकृत मानली जाते, पाली नव्हे. नात्याच्या भाषेत सांगायचे तर पाली ही मराठीची आई नसून मावशी आहे. पण मावशीच्या चेहऱ्यात आईची ओळख पटावी, तशी विज्जु या शब्दात वीज ओळखू येते. आणि आजीच्या तोंडची 'इज' ही त्याच प्रवासातील पुढची पायरी आहे. ती भ्रष्टता नाही. तीन भाषांच्या वहिवाटेत ज्या नियमाने अक्षरे झिजत आली, त्याच रीतीने तिचेही एक अक्षर झिजले आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आपल्या विद्यालयात पेढे वाटले गेले. परंतु या तिघींची खरी भेट कागदावर होण्याच्या कितीतरी आधी आपल्या घराघरांत झाली होती, दिवेलागणीच्या वेळी, आजीच्या तोंडी.

या अभ्यासाची परंपराही आपल्या परिसराला परकी नाही. गोव्याहून ज्ञानाच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. ज्या वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्याच १९५४ सालच्या २५ डिसेंबरला देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. बाबासाहेबांनी पाली भाषेचा कोश आणि व्याकरण यांवरही परिश्रम घेतले होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध केले. राज्यघटना, चळवळ आणि ढासळती प्रकृती यांच्या ओझ्याखाली असलेला हा महापुरुष एकेका पाली शब्दाचा अर्थ लिहीत बसत होता. शब्दांची किंमत काय असते, हे आम्हांला त्यांच्याकडून शिकावयास हवे होते.

डोळे दिपविणारा प्रकाश

दीप या धातूपासून मराठीला दिवा मिळाला, तसे 'दिपणे' हे क्रियापदही मिळाले. दिव्याने दिसते, आणि डोळे दिपले की काहीच दिसत नाही. एकाच मुळाच्या या दोन फांद्या किती विरुद्ध दिशांना गेल्या आहेत! नाशिक महामार्गावर रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे ज्याने सोसले आहेत, त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

असाच अनुभव 'भास' या शब्दाचा. त्याचे मूळ चमकणे, परंतु मराठीत भास म्हणजे जे नाही ते आहे असे वाटणे. यामागील शहाणपण बौद्ध आचार्यांनी फार पूर्वी टिपले होते. पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोष यांनी रचलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात विपश्यनेच्या मार्गातील दहा उपक्लेश, म्हणजे साधकाला वाटेत अडविणाऱ्या दहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पहिला आहे ओभास. साधना करीत असताना कधी लख्ख प्रकाश अनुभवास येतो, साधकाला वाटते की आपण पोहोचलो, आणि तेथेच तो थांबतो. म्हणजे आभावग्गात प्रज्ञेला लावलेलाच ओभास हा शब्द येथे सावधानतेचा इशारा होऊन येतो. प्रकाश दिसणे आणि प्रकाशात दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

माजी विद्यार्थ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. या पट्ट्यात झळाळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पहिला पगार, हप्त्यावरची मोटारसायकल, चौकाचौकांतील जाहिरातींचे फलक. त्यांत वाईट काही नाही. पण प्रत्येक झळाळीला एक प्रश्न विचारावा : हिच्यामुळे मला अधिक दिसते आहे, की माझे डोळे दिपले आहेत?

झोप, अभ्यास आणि आलोकसञ्ञा

वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाला रात्रीच्या अभ्यासिकेतील डुलक्या आठवत असतील. त्यांना हे वाचून समाधान वाटेल की महामोग्गल्लान यांनाही साधनेत डुलकी लागत असे. अंगुत्तर निकायात तो प्रसंग आहे. तथागत त्यांना रागावत नाहीत, उपाय सांगतात. ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर, त्याचे पठण कर, कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार, दिशांकडे आणि ताऱ्यांकडे पाहा. तरीही झोप जात नसेल तर आलोकसञ्ञा मनात धर, म्हणजे जसा दिवस तशी रात्र मानून मन उजेडाने भरून टाक. त्यानेही न भागल्यास चंक्रमण कर. आणि सर्व उपाय थकले तर उजव्या कुशीवर शांतपणे नीज, मात्र उठण्याची वेळ ठरवून नीज.

वीज खंडित झाल्यावर मेणबत्तीभोवती बसून परीक्षेची उजळणी केलेल्या आपल्या पहिल्या तुकड्यांना आलोकसञ्ञा हा शब्द ठाऊक नसेल, पण गोष्ट ठाऊक होती.

दिवा की बेट?

तथागतांच्या अखेरच्या उपदेशातील 'अत्तदीप' हा शब्द आपल्या समाजात घरोघर पोहोचला आहे. स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु पालीत दीप या शब्दात दोन संस्कृत शब्द येऊन मिसळले आहेत. एक दीप म्हणजे दिवा आणि दुसरा द्वीप म्हणजे बेट. प्राचीन अट्ठकथा येथे बेट हाच अर्थ घेते : महासागरात सापडलेल्याला जसे बेट, तसा आधार स्वतःमध्ये आणि धम्मात शोधा.

मग आपण आजवर जो अर्थ घेत आलो तो टाकून द्यायचा का? आम्हांस तसे वाटत नाही. पावसाळ्यात पवना आणि इंद्रायणी पात्र सोडून वस्त्यांत शिरतात, तेव्हा रात्रीच्या वेळी माणसाला दोन्ही गोष्टी हव्या असतात. पाय टेकायला उंच जागा आणि ती कोठे आहे हे दाखवायला दिवा. एकाच शब्दाने दोन्ही गरजा सांभाळल्या असतील तर तो शब्दाचा दोष नव्हे, समृद्धी आहे. एवढेच की बेटाचा अर्थ माहीत झाल्यावर दिव्याचा अर्थ अधिक गंभीर होतो. स्वतःचा दिवा होणे म्हणजे चमकणे नव्हे. पुरातही ढळणार नाही असे काही आपल्या आत उभारणे, असा तो अर्थ आहे.

जन्म कोठे, वाट कोणीकडे

टॉल्किन यांच्या कथांतील एल्फ लोकांचे दोन वर्ग आहेत, प्रकाशाचे लोक आणि काळोखाचे लोक. पश्चिमेकडील पुण्यभूमीत जाऊन ज्यांनी तेथील दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश पाहिला, ते पहिल्या वर्गातले. ज्यांना तो पाहता आला नाही, ते दुसऱ्या वर्गातले. कथेपुरते हे ठीक आहे. पण माणसांची अशी विभागणी प्रत्यक्षात केली गेली, तेव्हा काय घडले हे आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके भोगले आहे.

कोसलराज पसेनदीशी बोलताना तथागतांनी प्रकाश आणि अंधार याच दोन शब्दांनी माणसांचे चार प्रकार सांगितले. अंधारातून अंधाराकडे जाणारा, अंधारातून उजेडाकडे जाणारा, उजेडातून अंधाराकडे जाणारा आणि उजेडातून उजेडाकडे जाणारा. अंधारातला म्हणजे हीन मानल्या गेलेल्या कुळात, दारिद्र्यात जन्मलेला, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. पण माणसाची ओळख तेथे संपत नाही. काया, वाचा आणि मन यांनी तो कसे वागतो, त्यावर त्याची दिशा ठरते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पालीत 'तमोजोतिपरायण' म्हणतात. जोति म्हणजे आपली ज्योत, आणि परायण म्हणजे तिच्याकडे निघालेला.

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आपल्या विद्यालयाचे हजेरीपट उभे राहिले. ऊसतोडीच्या कोपीतून आलेला मुलगा, बांधकामावर विटा वाहणाऱ्या आईची मुलगी, अपघातात हात गमावलेल्या कामगाराची भावंडे. त्यांच्यापैकी कोणी आज यंत्रशाळेत पर्यवेक्षक आहे, कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका. या शब्दाला मराठीत एका शब्दाचा प्रतिशब्द नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. आपल्याकडे त्याची उदाहरणे आहेत.

शेवटी, त्या वहीबद्दल

प्रमाण भाषा शिकविणे हे आमचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. मुलाखतीत, न्यायालयात, सभेत आपल्या मुलांचा शब्द कोणी हिणवू नये, यासाठी प्रमाण भाषा त्यांच्या हाती असलीच पाहिजे. प्रकाश हा शब्दही आपलाच आहे. पण एक शब्द देण्यासाठी दुसरा काढून घेण्याचे कारण नव्हते. आता आम्ही वहीत 'इज' आढळल्यास ते खोडत नाही. समासात 'वीज' लिहितो, आणि वर्गात विज्जु या शब्दापासूनची वंशावळ फळ्यावर मांडतो. मुले मग घरून शब्द आणतात. कोणाच्या गावी पहाटेला काय म्हणतात, कंदिलाच्या काचेवरच्या काजळीला काय म्हणतात, याची एक वही अभ्यासिकेत ठेवली आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी भेटीस येताना त्या वहीत आपल्या घरातील एक तरी शब्द लिहून जावा, ही नम्र विनंती.

कार्ल्याच्या चैत्यगृहात सहलीला गेलेल्यांना आठवत असेल, डोंगर कोरणाऱ्यांनी आधी दर्शनी भागात मोठी नालाकृती खिडकी ठेवली, तिच्यातून उजेड थेट आतल्या स्तूपाकडे जातो. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांनी कातळात प्रकाश निर्माण केला नाही, फक्त त्याला आत येण्याची वाट दिली. शाळेने याहून अधिक काय करावे?

ती विद्यार्थिनी पुढील वर्षी दहावीची परीक्षा देईल. गेल्या महिन्यात तिने भित्तिपत्रकासाठी चार ओळींचे टिपण दिले. त्यात आईची बस पुन्हा वस्तीच्या कोपऱ्यावर वळली आहे, आणि भिंतीवर उजेड पडला आहे. आम्ही ते एक अक्षरही न बदलता लावले.